बंधारा बुडाल्यावर: कुंभी खोऱ्यातल्या वाडीत घरी झालेलं एक बाळंतपण

मी आरोग्य सेविका आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेला, कुंभी नदीच्या खोऱ्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. हे प्रकरण माझ्याच हद्दीतलं आहे आणि त्यात माझ्या हातून सुटलेल्या गोष्टीही आहेत. बाळंतिणीची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. गाव, वाडी, वर्ष आणि ओळख पटेल असं बाकीचं काढून टाकलं आहे. २०२१ च्या महापुरानंतरचा एक पावसाळा, एवढं सांगितलं तरी पुरे. वाडीत तिला सगळे 'वहिनी' म्हणतात, म्हणून इथंही तेच.

पार्श्वभूमी

आमचं गाव आणि उपकेंद्र नदीच्या एका काठाला. प्राथमिक आरोग्य केंद्र, एसटीचा रस्ता, मेडिकल, बाजार सगळं दुसऱ्या काठाला. मधे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. उन्हाळ्यात त्यावरून दुचाकी, ट्रॅक्टर, म्हसरं, शाळेची पोरं सगळी जातात. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले जातात आणि जुलैत कधीतरी एका रात्रीत पाणी वरून वाहायला लागतं. तिथून पुढं तो रस्ता संपला. वहिनीची वाडी उपकेंद्रापासून साडेतीन किलोमीटर वर, सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठाराच्या, पायथ्याला. मधे एक ओढा.

कोल्हापुरात पावसाळ्यात सगळ्यांची नजर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पेपरला तेच, टीव्हीला तेच, सरकारी नियोजनातही तेच. पण पंचगंगा इशाऱ्याला पोचायच्या कितीतरी आधी आमच्यासारख्या वरच्या खोऱ्यांतले बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. शहराला पूर यायला अजून आठवडा असतो, तेव्हा आमच्या वाड्या तुटलेल्या असतात. पुढं जे झालं त्याचं अर्धं कारण यात आहे.

वहिनीचं वय २४, दुसरं गरोदरपण. पहिली मुलगी तीन वर्षांची. ते बाळंतपण एका दवाखान्यात झालं होतं, नैसर्गिक, टाके पडलेले. या वेळी सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन कमी, ९.२ होतं, लोहाच्या गोळ्या दुप्पट केल्यावर जूनअखेर ९.६ झालं. ब्लडप्रेशर व्यवस्थित, बाळाचं डोकं खाली, वाढ बरी. अंदाजे तारीख २ ऑगस्ट. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्याला घरी येणारा. घरात सासू, सासरे, दोन म्हशी आणि जुलैत लावणीला आलेलं भात.

महाराष्ट्रात आता घरी बाळंतपण होणं दुर्मीळ आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्यामुळं हद्दीत एक जरी घरी झालं तरी मासिक बैठकीत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ते द्यायला नको म्हणून आम्ही कार्यकर्त्या आधीच एक शब्द लिहून ठेवतो: नकार. लाभार्थीचा नकार, कुटुंबाचा नकार. त्या शब्दानं आमची सुटका होते. या प्रकरणात तो शब्द मी लिहिला होता.

अडचण कुठं सुरू झाली

९ जूनला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला वहिनी आली होती. पावसाळ्यात तारीख असलेल्या, पाण्यानं तुटणाऱ्या वाड्यांतल्या गरोदर बायकांची यादी आम्ही दर वर्षी करतो. प्रत्येकीनं कुठं राहायला जायचं ते ठरवायचं असतं. वहिनीची मावशी कळे गावाच्या बाजूला, रस्त्यालगत राहते. मी सांगितलं, "पंधरा जुलैला मावशीकडं जाऊन राहा."

सासू म्हणाली, "लावण तोंडावर आलीया सिस्टर. धारा कोण काढणार, पोरीला कोण बघणार?" नवरा फोनवर म्हणाला, "तारीख दोन ऑगस्ट हाय न्हवं? पंचवीस जुलैला मी येतो, गाडी करून नेतो." वहिनी पदराच्या टोकाला पीळ घालत खाली बघत होती. मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलं तसं." आणि मी वहीत लिहिलं: स्थलांतरास कुटुंबाचा नकार, समुपदेशन केले.

आशाताई परत जाताना मला म्हणाली होती, "मॅडम, दवाखान्याचं नाव काढलं की वहिनी गप्प होती. काहीतरी हाय." तिचं हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी तपासणीला ४१ बायका होत्या.

२१ जुलैला बंधाऱ्यावर पाणी आलं. मांडुकलीजवळ मुख्य रस्त्यावर पाणी येऊन कोल्हापूर–गगनबावडा वाहतूकही दुसऱ्या दिवशी बंद झाली. २३ ला दुपारी वीज गेली. उपकेंद्रातल्या फ्रिजमधल्या ऑक्सिटोसिनच्या अँप्युल मी बर्फाच्या पॅकसह व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये हलवल्या. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळून रक्त थांबवणारं हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उबेत राहिलं तर त्याचा जोर जातो आणि बाहेरून बघून ते कळत नाही. त्या दिवसांत मी बरोबर केलेली ही एक गोष्ट.

२४ जुलै, पहाटे ३:३५. आशाताईचा फोन: वहिनीला कळा सुरू आहेत, मध्यरात्रीपासून. तिनं सासूला तीन वाजता उठवलं. म्हणजे तीन तास ती अंधारात एकटी कळा सोसत होती.

कोणते पर्याय होते

१०८ ला फोन केला. गाडी नदीपलीकडं येऊन थांबू शकत होती, त्याचा उपयोग नव्हता. नवऱ्याच्या चुलतभावानं ट्रॅक्टर काढायची तयारी दाखवली, ट्रॉलीत गादी टाकून बंधाऱ्यावरून नेऊ म्हणाला. त्याच्या मनात काळजीच होती, पण मी फोनवर आवाज चढवून नाही म्हटलं. वाहत्या पाण्यात बंधाऱ्याची कड दिसत नाही. ट्रॉली कलंडली की बाई गेली, बाळ गेलं आणि नेणारेही गेले. आपत्ती विभागाची बोट उजाडल्याशिवाय निघणार नव्हती.

तिसरा रस्ता सड्यावरून. पाच किलोमीटर चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरलं की डांबरी रस्ता लागतो आणि तो चालू होता. पण झोळीतून, पावसात, अंधारात, अडीच-तीन तास. दुसरं बाळंतपण, कळा सुरू होऊन साडेतीन तास झालेले. आशाताईला विचारलं, कळा किती मिनिटांनी? ती म्हणाली, "दोन मिनिटाला एक, आणि खाली जोर येतोय म्हणती." म्हणजे बाळ सड्यावर, दगडांत, पावसात होणार.

राहिलं घर. घरी सोय नाही, रक्त नाही, डॉक्टर नाही. पण कोरडी जमीन, चूल, गरम पाणी, आशाताई आणि वाडीतली सुईण आज्जी आहे. आणि मी दीड तासात चालत पोचू शकते. मी आशाताईला सांगितलं, "हलवायचं नाही. मी निघाले." हा निर्णय मी घेतला आणि आजही मला तो बरोबर वाटतो. पण खरा निर्णय पंधरा दिवसांपूर्वी घ्यायचा होता. मध्यरात्री पर्याय निवडावे लागतात, तेव्हा चांगला पर्याय आधीच निघून गेलेला असतो.

काय केलं

मी चालत असताना फोन चालू ठेवला. वहिनीच्या घरात रेंज फक्त ओसरीच्या एका कोपऱ्यात. आशाताई तिथं उभी राहून माझं ऐकायची, आत जाऊन सांगायची, परत बाहेर यायची. आशा बाळंतपण करायला शिकलेली नसते, तिचं ते काम नाही. पण आमच्या दुर्गम वाड्यांसाठी दिलेलं डिलिव्हरी किट तिच्याकडं होतं: साबण, कोरं ब्लेड, दोरा, प्लास्टिकचं कापड. मी चारच गोष्टी सांगितल्या. कोपरापर्यंत हात साबणानं धुवा. चुलीवर वाळवलेलं स्वच्छ लुगडं अंथरा. जोर लाव, जोर लाव म्हणून ओरडू नका, तिला वाटेल तेव्हा ती लावेल. आणि बाळ झाल्यावर काहीही ओढायचं नाही, पोट दाबायचं नाही.

नंतर कळलेलं चित्र असं. तुळईला म्हशीचा कासरा बांधला होता. वहिनी तो धरून उकिडवी बसली होती, मागून सासूनं काखेत हात घालून तिला पेललं होतं, पुढं आज्जी. आज्जी सत्तरीच्या पुढची. तिनं वाडीतली बरीच बाळंतपणं केली होती, पण गेल्या दहा-बारा वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं. ४ वाजून ४८ मिनिटांनी मुलगा झाला आणि लगेच रडला. ते रडणं मी ओढ्याच्या काठावर फोनमधून ऐकलं.

ओढा गुडघ्याच्या वर होता. सासरे पलीकडून दोर घेऊन आले होते म्हणून ओलांडता आला. ५:०५ ला मी घरात शिरले.

बाळ कोरडं पुसून वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवलेलं, वर घोंगडं. नाळ तशीच. वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा गोळा, पडलेली नव्हती. बाजूला विळा धुऊन ठेवला होता. तो वापरायचा नाही, हे आशाताईनं आधीच सांगितलेलं. आज्जीनं वहिनीची वेणी सोडून केस तिच्या तोंडात घालायला घेतले होते. उमासे आले की वार पडते, ही जुनी रीत. मी म्हटलं, "आज्जी, थांबा, इंजेक्शन देते." मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन दिलं. नाळेचा ठोका थांबला होता, ती पांढरी पडली होती. मी दोरा काढला तशी आज्जी म्हणाली, "वार पडल्याबिगार नाळ कापू नगा, वर चढंल."

इथं एक छोटा निर्णय होता. मी तिला बाजूला सारून कापू शकले असते. पण मला पुढच्या तासात तिचे हात लागणार होते. म्हणून दोरा तिच्याच हातात दिला. "आज्जी, दोन गाठी तुम्ही मारा, आवळून. बाईच्या बाजूची गाठ सुटली नाही तर वर चढायचं कारण काय?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग दोन्ही गाठी मारल्या, इतक्या घट्ट की मला सांगायला काही उरलं नाही. मधे मी ब्लेडनं कापलं.

५:२२ ला वार पडली. चुलीच्या उजेडात आणि बॅटरीत दोनदा उलटून बघितली. पूर्ण होती. आणि तेव्हाच रक्त सुरू झालं.

बाळंतपणानंतर रक्त जातंच. किती गेलं म्हणजे जास्त, हा प्रश्न घरात फार अवघड असतो. जमीन सारवलेली, ती पितेच. लुगडं काळपट, त्यावर दिसत नाही. सासू म्हणाली, "एवढं जातंयच की, मला बी गेलतं." पण आज्जीचा हात वहिनीच्या बेंबीखाली होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सिस्टर, पिशवी ढिली लागतीया. घट्ट हुईना." मी हात लावला. ओल्या कणकेसारखी. आवळलेली गर्भपिशवी हाताला नारळासारखी लागायला हवी.

मी पिशवी चोळायला सुरुवात केली. पहिली शंका औषधावर आली: कॅरिअरमधला बर्फ कालचा, इंजेक्शन मेलंय का? दुसरं द्यायला हात औषधाच्या बॅगेकडं गेला आणि तेव्हा लक्षात आलं की पोटाचा फुगवटा एका बाजूला सरकलेला आहे. "लघवीला कधी गेलीस?" वहिनी म्हणाली, "काल सांजंला." भरलेल्या मूत्राशयानं गर्भपिशवीला आवळायला जागाच दिली नव्हती. कॅथेटर घातला. निम्मं भांडं भरलं. दोन मिनिटांत पिशवी हाताखाली घट्ट व्हायला लागली. गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या जिभेखाली ठेवल्या, सलाईन लावलं, त्यात ऑक्सिटोसिन. थोड्या वेळानं वहिनी थडथड कापायला लागली. सासू घाबरली. मिसोप्रोस्टॉलनं हुडहुडी भरते, कधी तापही येतो. सांगितलं, गोधडी टाका, बाळ तसंच छातीशी राहू दे. फाटलं आहे का बघितलं. एक वरवरची चीर होती, तिथून रक्त नव्हतं.

आता किती गेलं? आशाताईच्या पिशवीत बाळाचं वजन करायचा काटा होता, झोळीचा. ज्या लुगड्याचा अर्धा तुकडा खाली अंथरला होता, त्याचा दुसरा अर्धा कोरडा होता. दोन्ही एकामागून एक काट्याला टांगले. ओला तुकडा कोरड्यापेक्षा ७०० ग्रॅमनं जड. रक्ताचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलीटर. जमिनीत मुरलेलं वेगळंच. ५०० च्या वर गेलं की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो, आणि हिची सुरुवातच ९.६ वर होती. नाडी ११८, ब्लडप्रेशर ९०/६०. काटा सासऱ्यांनीही बघितला. न्यायचं की नाही यावर घरात नंतर एक शब्दही वाद झाला नाही. मी तोंडानं पन्नास वेळा सांगून जे झालं नसतं ते त्या टांगलेल्या लुगड्यानं झालं.

त्याच काट्यावर, झोळी बदलून, बाळाचं वजन केलं: २ किलो ६५० ग्रॅम.

न्यायचं की थांबायचं, हा शेवटचा निर्णय. रक्त थांबलं होतं. झोळीच्या धक्क्यांनी पुन्हा सुरू होऊ शकलं असतं. पण पुन्हा सुरू झालं असतं तर घरात माझ्याकडं आणखी काही उरलं नव्हतं, आणि हिच्या अंगात दुसरा रक्तस्राव सोसायला रक्त नव्हतं. उजाडलं होतं, पाऊस रिपरिपत होता. ७:१० ला निघालो. घोंगड्याची झोळी, वेळूचा दांडा, वर मेणकापड, आठ गडी आळीपाळीनं. एका पोरानं सलाईनची बाटली छत्रीच्या काडीला अडकवून धरली होती. बाळ आशाताईच्या छातीशी, पोलक्याच्या आत. मी दर दहा मिनिटांनी झोळी खाली ठेवायला लावून पिशवी चाचपायची. आज्जी सड्याच्या चढापर्यंत आली आणि तिथून परतली.

९:५० ला पलीकडच्या रस्त्यावर १०८ उभी होती.

निष्पत्ती

ग्रामीण रुग्णालयात तपासून तिला कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवलं. हिमोग्लोबिन ६.८. दोन पिशव्या रक्त दिलं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. बाळाला चोवीस तासांच्या आत बीसीजी, पोलिओचा डोस, काविळीची लस आणि व्हिटॅमिन के मिळालं. बाळानं दूध पहिल्याच तासात घेतलं होतं, दवाखान्यातही सुटलं नाही. घरी झालेल्या बाळंतपणात आशानं बेचाळीस दिवसांत सात भेटी द्यायच्या असतात; पहिली तिनं सड्यावरून चालत दिली, बाकीच्या पाणी ओसरल्यावर.

बाराव्या दिवशी मी आशाताईबरोबर गेले होते. वहिनी बाळाला पाजत होती. मी तिला विचारलं नव्हतं, तीच बोलली. "सिस्टर, बाळंतपण चांगलं झालं माझं. नंतरचं वाईट."

मग पहिल्या वेळचं सांगितलं. रात्री दवाखान्यात नेलं, आत घेतलं, आई आणि आत्ती बाहेर. सकाळपर्यंत टेबलावर उताणी, एकटी. ओरडली तर एक बाई म्हणाली, तेव्हा कळलं न्हाई, आता कशाला बोंबलतीस. मांडीवर चापट मारली. टाके घालताना भूल पुरती चढली नव्हती, ती हलली म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली. "घरला आल्यावर ठरवलं हुतं. ह्या बारीला तीन वाजंपतोर उठवलंच न्हाई कुणाला. लवकर उठवलं असतं तर नेलं असतं त्यांनी, सड्यावरनं का हुईना."

सासू दारातच होती. तिला हे नवीन होतं. ती आत येऊन वहिनीजवळ बसली, काही बोलली नाही, बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

म्हणजे तीन तास उशीर झाला तो अडाणीपणानं नव्हे. पाण्यामुळं तर नव्हेच. लावण, म्हशी, धारा, पोर ही सासूची कारणं खरी होती, पण ती सासूची होती. वहिनीचं कारण वेगळं होतं आणि ते मला जूनमध्येच मिळालं असतं. ४१ बायकांच्या रांगेत, सासू शेजारी उभी असताना, "तुझं काय म्हणणं" विचारून ते मिळणार नव्हतं, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नकार हा शब्द लिहून वही मिटायला नको होती. दुसऱ्या वेळच्या बाईला मी आता तपासणीच्या टेबलावर पोट बघताना, पडद्याआड, एकटी असताना एकच प्रश्न विचारते: मागच्या वेळी तुझ्याशी कसं वागले? पहिल्यांदा बहुतेक जणी "बरं वागले" म्हणतात. मी हात तसाच ठेवून गप्प राहते. मग खरं येतं. त्या उत्तरावर पुढचं नियोजन करता येतं: कुठल्या दवाखान्यात जायचं, सोबत कोण, कुणाला आधी फोन करायचा. बाळंतपणाच्या वेळी जवळ आपलं माणूस ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ सालीच मान्यता दिली आहे. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तर बाळंतिणीशी मानानं वागणं हे प्रसूतिगृहाच्या गुणवत्तेतच धरलं आहे. कागद आपल्या बाजूनं आहे. तो त्या बाईला कुणी वाचून दाखवत नाही.

दुसरं, तारखेचा हिशेब. आम्ही अंदाजे तारखेच्या अठरा दिवस आधीचा दिवस धरला होता आणि नवऱ्यानं तोही दहा दिवस पुढं ढकलला. आमच्याकडं हिशेब पाण्यावरून करायला हवा. बंधाऱ्याच्या खांबाला पाणी कुठवर आलं की दोन दिवसांत वरून जातं, हे गावातलं कुठलंही शेतकरी माणूस सांगतं. आता आम्ही खांबावरच खूण केली आहे. पाणी तिथं लागलं की सात महिने पूर्ण झालेली प्रत्येक बाई नदीपलीकडं, मग तारीख ऑगस्टची असो की सप्टेंबरची. सासूची अडचणही त्याच बैठकीत सोडवायची: धारा कोण काढणार, मुलीला कोण ठेवून घेणार, लावणीला इर्जिकीत, म्हणजे शेजारपाजारच्या मदतीला, किती माणसं येणार. वहिनीच्या वेळी शेजारच्या दोन घरांनी ते सहज केलं असतं. कुणी विचारलंच नाही. राज्यातल्या आदिवासी भागांत माहेरघराची सोय आहे, बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आधीपासून केंद्रात राहू शकते. आमच्या खोऱ्यांत पावसाळ्याचे दोन महिने तशी सोय झाली तर मावशी-आत्या शोधत बसावं लागणार नाही.

तिसरी चूक सरळ माझी. बाळ झाल्याबरोबर घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या मी आशाताईकडं आधी देऊन ठेवायला हव्या होत्या. दवाखान्यात पोचताच येणार नाही अशा वेळेसाठी ती तरतूद आहे. मी दिल्या नाहीत, कारण मनात होतं की गोळ्या दिल्या म्हणजे घरीच करा असा अर्थ होईल. बाळ आणि माझं इंजेक्शन यांत १८ मिनिटं गेली. गोळ्या असत्या तर आज्जीच्या हाताला पिशवी कदाचित ढिली लागलीच नसती. लघवीचंही तसंच: फोनवर चार गोष्टी सांगितल्या, पाचवी राहिली. आता आशाताईंच्या वहीत पहिली तीच लिहिलेली आहे.

आज्जीबद्दल मला बराच विचार करावा लागला. केस तोंडात घालणं, विळा, नाळ न कापणं, हे सगळं तिच्याकडं होतं. तिनं उकिडवं बसवलं, घाई केली नाही, हातानं पिशवी ओळखली, हेही तिच्याकडंच होतं. आम्ही सुईणींना बाळंतपणं करू नका म्हणून सांगितलं ते योग्यच. पण त्याबरोबर त्यांना घराबाहेरही काढलं, आणि बाईजवळ बसणारं, पाठ चोळणारं, "हुईल गं" म्हणणारं माणूस गेलं. दवाखान्यात त्या जागी कुणी आलं नाही.

कोल्हापूर शहरातल्या एक-दोन शिकलेल्या मुलींनी मला मधे विचारलं होतं, घरी बाळंत व्हायला काय हरकत आहे, परदेशात होतात की. तिथं ठरवून होणाऱ्या घरच्या बाळंतपणात शिकलेली मिडवाइफ असते, जोखीम आधी तपासलेली असते आणि गाडी दाराशी येते. आपल्याकडंही २०१८ पासून नर्सेसना दीड वर्षाचं मिडवायफरीचं शिक्षण द्यायचं धोरण आलं आहे आणि मला त्याची फार आशा आहे. पण रक्तक्षय असलेली बाई आणि बुडालेला बंधारा असताना मी कुणालाही घरी थांब म्हणणार नाही. वहिनीलाही नाही म्हणणार. फक्त आता तिच्याबरोबर आत जाणारं माणूस आधी ठरवीन.

जन्माची नोंद

घरी झालेल्या जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते. मी आणि सासरे अठराव्या दिवशी गेलो. फॉर्ममध्ये जन्माचं ठिकाण असतं, तिथं 'घर' लिहिलं. पुढं एक रकाना असतो: प्रसूतीच्या वेळी कुणाची मदत मिळाली. सरकारी दवाखाना, खाजगी दवाखाना, डॉक्टर-नर्स, पारंपरिक सुईण, नातेवाईक. मला आमच्याच एकानं सुचवलं होतं की नर्स लिहा, तुम्ही होताच की, आकड्यात बरं दिसतं.

मी घरात शिरले तेव्हा बाळ सतरा मिनिटांचं होतं. मी पारंपरिक सुईण या पर्यायावर खूण केली. सासऱ्यांनी सही केली आणि घरी जाऊन आज्जीला सांगितलं, कागदावर तू हाईस म्हणून.